पडद्याआडचा मतदार

रॅग्ना हॅल्वर्सनबाईंची आणि माझी ओळख प्रौढ वर्गात झाली. माझ्या साठाव्या वर्षी त्यांनी मला वाचायला शिकवले. नॉर्थ डकोटातील आमच्या गावच्या मतदान केंद्राच्या प्रमुखही त्याच होत्या. येथे मतदार म्हणून आधी नाव नोंदवावे लागत नाही. आम्ही एकमेकांना चेहऱ्याने ओळखतो.

राष्ट्राध्यक्षपदाच्या त्या निवडणुकीत मी त्यांचा मदतनीस होतो. बाईंचे यजमान टोर्गर सुगीतच वारले होते. दर वेळी ते सर्वांत शेवटी येत आणि मतपत्रिका फार सावकाश वाचीत. यंदाचे मत दिल्याशिवाय मी जाणार नाही, असे ते आजारपणात म्हणत असत.

मतदानाची वेळ संपली. बाहेर बर्फ पडू लागला होता. मदतीला आलेला शेजारी एडविन दार लावीत म्हणाला, "चला बाई. का इथंच गाडून घ्यायचंय?"

"आत माणूस असताना पेटी बंद करता येत नाही," बाई म्हणाल्या.

"आत कोण असणार? शेवटचं मत मीच दिलं की."

तेवढ्यात मतदान कक्षाच्या पडद्याआडून पेन्सिलीचा आवाज आला. कोणीतरी मतपत्रिकेवरील वर्तुळ हळूहळू भरीत होते. पडद्याखाली पाय मात्र दिसत नव्हते.

पडदा सारून रिकामा कक्ष दाखवला की बाई घरी जायला निघतील, असे वाटून मी उठलो. बाईंनी माझा हात धरला.

"बसा. पडदा उघडू नका," त्या म्हणाल्या. "त्यांना सगळं वाचून होऊ द्या."