टोकाच्या खोलीचं पिवळं फडकं

नोबुए काकिउचीनं तीन हिवाळे ओसाकातल्या कालव्याकाठच्या बागेत, निळ्या ताडपत्रीखाली काढले होते. छप्पर म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. वस्तीतल्या लोकांनी मिळून बेघर म्हाताऱ्यांसाठी एका जुन्या लाकडी चाळीतल्या खोल्या स्वस्तात मिळवल्या, तेव्हा एक खोली तिला मिळाली आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं.

काम सोपं होतं. सकाळी उठलं की ज्यानं त्यानं दाराच्या कडीला पिवळं फडकं बांधायचं, संध्याकाळी सोडायचं. फडकं दिसलं म्हणजे माणूस ठीक. मग दार वाजवायचं नाही. रस्त्यावर झोपलेल्याला येणारा-जाणारा ढोसून उठवतो, निदान इथे तरी कुणी उठवू नये, असं नोबुएनंच सभेत ठासून सांगितलं होतं.

तरी टोकाच्या खोलीत ओनोदेरा गेले. मासेबाजारात हमाली केलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस. वास सुटला तेव्हा कळलं. जाऊन बरेच दिवस झालेत, असं डॉक्टर म्हणाले. पण त्या सगळ्या दिवसांत फडकं सकाळी बांधलेलं आणि संध्याकाळी सोडलेलं नोबुएनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मेल्यावरही बिचाऱ्यानं नियम मोडला नाही, अशी कुजबुज चाळभर झाली. नोबुए ती हसण्यावारी न्यायची, पण त्या दारावरून जाताना तिच्या अंगावर काटा यायचा.

चाळीचे मालक मोरिवाकी भुताला भीत नव्हते, बदनामीला भीत होते. "पुन्हा एक जरी असा सापडला ना, तर सगळे आपापली गाठोडी उचला," त्यांनी सुनावलं.

त्या खोलीत जायला कुणी तयार होईना. शेवटी बांधकामावर परांच्या बांधून म्हातारा झालेला तात्सुझो तयार झाला. "भूत असलं तर बरंच की, बोलायला कुणीतरी होईल!" म्हणाला आणि राहायला आला. दार आपटायचा, मोठ्यानं रेडिओ लावायचा, बेसूर गायचा. फडकं तर कडीत नुसतं कोंबून ठेवायचा. नोबुएला तो आवडायचा, हे तिनं कबूल केलं नसतं ती गोष्ट वेगळी.

पानं गळायला लागली आणि एके दिवशी टोकाचा रेडिओ ऐकू येईना. फडकं मात्र होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी नोबुए जवळ जाऊन बघते, तर फडक्याला इस्त्री, आणि गाठ अशी नेटकी की भेटवस्तूला बांधावी. तात्सुझो आणि इस्त्री! ओनोदेरांचं फडकंही असंच असायचं, हे तिला आठवलं. आत चिटपाखरूही नसावं अशी शांतता होती.

दार वाजवायला तिनं हात उचलला, तोच मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "झोपू दे गं त्याला."

शेजारच्या खोलीतल्या मित्सु-आजी होत्या. उभा जन्म सरायांमध्ये पाहुण्यांची उठबस करण्यात गेलेला.

"आजी, हे फडकं कुणी बांधलं?"

"मीच. परवा बांधायचं विसरला वाटतं. फडकं नाही म्हटल्यावर तुम्ही सगळे धावून येणार, चारचौघांत त्याला ओशाळल्यासारखं होणार. संध्याकाळी सोडतेही मीच. एवढं तर शेजाऱ्यानं करायलाच हवं."

"तो तुम्हाला दिसला?"

"दिसायला कशाला हवा? मी बांधलं की आतून टकटक करतो ना, आभार मानायला. मी म्हणते, राहू दे रे, आभार कसले." आजींनी फडक्याची गाठ पुन्हा सारखी केली. "आज नाही केली."

नोबुएनं आपल्याजवळच्या किल्लीनं कुलूप उघडलं. दार ढकललं, तर ते मऊ कशाला तरी अडून जेमतेम वीतभर सरकलं. फटीतून तात्सुझोचा हात दिसला. बोटांची सालं निघाली होती. तिनं हात आत घालून त्याची नाडी चाचपली. होती, अगदी बारीक.

रुग्णवाहिका आली. तात्सुझो वाचेल, असं नेणारे म्हणाले. म्हणजे चाळही वाचली. खाली बायका आनंदानं रडत होत्या. नोबुएला मात्र रडू येईना. आजी गुडघ्यांवर बसून उंबरठा पुसत होत्या. झाल्या त्रासाबद्दल माफ करा, असं जाणाऱ्या-येणाऱ्याला वाकून सांगत होत्या.

"आजी," नोबुएनं विचारलं, "ओनोदेरांचं फडकंही तुम्हीच बांधायचात?"

"हो तर."

"तेही टकटक करायचे?"

"करायचे की! फार सभ्य माणूस. आधी चांगली जोरात करायचे, माझं नावसुद्धा घ्यायचे. मग हळूहळू..."

बोलता बोलता आजींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी नोबुएकडे हात पुढे केला. तो धरावा, हे नोबुएला कळत होतं. तिला ते जमलं नाही.