अंगणातलं प्रथिन

बायको गेली तेव्हापासून मी सुनांनी वाढलेलं ताट परत करायचो. नातीच्या हातचं तेवढं खायचो. ती पुण्याला संगणकावर प्रथिनं पाण्यात कशी वागतात ते पाहते. आजीच्या तेरवीला आली अन् माझ्यापायी इथंच अडकली. रोज जा म्हणायचो. एक दिवस चिडली, "मी तिथं काय करते ते माहीत नाही, अन् धाडता कायले?"

म्हटलं, दाखव.

तिनं घरच्यांना अन् शेजारणींना बैलाचा कासरा धरून रांगेत उभं केलं. ही प्रथिनाची साखळी, माणूस म्हणजे मणी. एकेक कण धरला तर संगणक थकतो, म्हणून पुष्कळ कणांचा एक मणी. पाण्याच्याही चार कणांचा एक. मी चौथी शिकलो, पण हे पटलं. ज्वारी पोत्यानं मोजतात, दाण्यानं नाही.

मी अन् शेजारचा म्हातारा पाणी झालो, बादली घेऊन. पाण्याला भिणाऱ्या मण्यांनी मधी एकमेकांना चिकटायचं, बाकीच्यांनी बाहेरून वेढायचं, की झाली साखळीची घडी. भिणारे दोघंच, माझा थोरला पोरगा अन् धाकटी सून. आता तो तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. ती डोक्यावर पदर ओढून हातभर लांबच.

मी तांब्याभर पाणी फेकलं. चिकटायचं सोडून सून कासऱ्यासकट गोठ्याकडे पळाली, अन् सगळं प्रथिन तिच्यामागून फरफटत कडब्यात पडलं. थोरल्याच्या अंगावर शेजारीण, तिच्यावर म्हातारा, बादलीसकट. मी हसता हसता खाली बसलो. धोतर ओलं झालं, कशानं ते विचारू नका.

नात डोळे पुसत म्हणाली, "आबा, माही साखळी बी अशीच उधळते. सहा महिने झाले, बसतच नाही."

"मंग तिची लाज जराशी कमी लिही ना वं. सारी नको काढू, घर बुडीन."

ती हसायची थांबली. म्हणाली, मण्यांचं एकमेकांना दूर लोटणं जरासं कमी करायचं, तेच करून पाहायचं राहिलं होतं.

त्या रात्री धाकट्या सुनेनं वाढलेल्या तीन भाकरी मी खाल्ल्या. नात दारातून पाहत होती. सकाळी बॅग भरून समोर उभी राहिली.

"आबा, जेवसान ना?"

"रडीन बी अन् जेवीन बी. दोन्हीले तोंड एकच हाये, पाळीपाळीनं करीन. निघ, गाडी सुटीन."