काही नाही, जाऊ दे

गेल्या एक-दोन वर्षांत नाशिकची माणसं तोंडातल्या तोंडात बोलायला लागली आहेत, अशी माझी पक्की समजूत झाली होती. कंपनीतले साहेब पुटपुटायचे, रिक्षावाले पुटपुटायचे, टीव्हीवर बातम्या देणारी बाई पुटपुटायची. बायको मूळची खणखणीत आवाजाची. तिचंही बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटायला लागलं, तेव्हा मी तिला घसा दाखवून यायला सुचवलं. ती म्हणाली, "अहो, घसा नाही, कान." मला ते 'पान' असं ऐकू आलं. मी चपला घालून पान आणायला खाली उतरलो.

हसण्यावारी नेण्याचे दिवस लवकरच संपले. बहिऱ्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं आणि ओरडून फक्त कामाचंच बोलता येतं. 'गॅस बंद करा' हे ओरडता येतं. 'आज उगाचच रडू आलं' हे कुणी ओरडून सांगत नाही. आमच्या घरात रोज संध्याकाळी चहाबरोबर दिवसभराच्या गप्पा व्हायच्या. ती सांगायची, मी मध्ये मध्ये मीठमसाला घालायचो. हळूहळू त्या गप्पा आटल्या. मी "काय म्हणालीस?" असं विचारलं की ती हात हलवायची, "काही नाही, जाऊ दे." हे तीन-चार शब्द मात्र मला तिच्या ओठांवरून चांगले वाचता यायला लागले होते. बायको समोर बसलेली असून दूर चालली आहे, हे मला दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

दर सोमवारी मी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीकाठी, महादेवाला जातो. तिथे उभा राहून तक्रार करायचो, की देवा, तू ऐकत नाहीस. ही तक्रार नेमकी कोणी कोणाकडे करायची, हे मला तेव्हा सुचलं नाही.

खटपट मी पुष्कळ केली. चष्म्याच्या एका दुकानात कानाचं मशिनही मिळायचं. दुकानदारानं कान न तपासताच ते माझ्या कानात बसवलं. घरी येऊन जरा मान वळवली की ते शिट्टी घालायचं. बायकोनं दोनदा कुकर नसताना गॅस बंद केला आणि तिसऱ्यांदा मला ते मशिन परत करायला लावलं. कान तपासणारा, रीतसर शिकलेला ऑडिओलॉजिस्ट पाहिजे, हे तेव्हा कळलं. पण एका ठिकाणी डिग्री होती, तर माझं सरकारी कामगार विम्याचं कार्ड चालत नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी कार्ड चालत होतं, तर कान तपासणाऱ्याची जागाच रिकामी होती. शेवटी विम्याच्या दवाखान्यात खिडकीवरच्या बाईंना विचारलं. मध्ये काच, तोंडावर मास्क. त्या काहीतरी सविस्तर बोलल्या. मला त्यातलं एकच ऐकू आलं: 'त्र्यंबक'. पुन्हा विचारण्याची लाज वाटते, म्हणून आम्ही बहिरे लोक मान डोलावतो. मी मान डोलावली आणि तिथूनच त्र्यंबकेश्वरची बस धरली.

त्र्यंबकला उतरल्यावर डॉक्टरचा पत्ता कोणाला विचारावा, या विचारात होतो. तेवढ्यात डोक्यावरून उपरणं घेतलेले एक वयस्कर गुरुजी पुढे आले.

"कोणती पूजा?"

"कानाची तपासणी करायचीय."

"कालसर्प?"

"कानाची."

"एका दिवसात होते. जोडीनं आलात का?"

"नाही, एकटाच. पण दोन्ही कान आहेत."

गुरुजी गोंधळले. मग त्यांनी कानावरचं उपरणं बाजूला केलं, बोटानं काहीतरी दाबलं आणि म्हणाले, "थांबा. गोंगाटाचा त्रास होतो म्हणून मशिन बंद ठेवलं होतं. आता बोला."

मी त्यांच्या कानाकडे बघतच राहिलो. मग खिशातून कार्ड काढून दाखवलं आणि नाशिकच्या खिडकीवरच्या बाई 'त्र्यंबक' म्हणाल्या, ते सांगितलं. ते उजेडाकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे मला ओठ नीट दिसावेत, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "त्र्यंबक नाका. नाशिकमध्ये, तुमच्याकडे. हे त्र्यंबक नाही. माझा मुलगा सातपूरला कंपनीत आहे, त्याच्या याच कार्डावर माझं मशिन झालंय. बाई डिग्रीवाल्या आहेत, तिथल्या दवाखान्यात बसतात."

माझी बस त्र्यंबक नाक्यावरूनच आली होती. खिडकीत बसून मी ती इमारत बघितलीही असणार.

"इतक्या लांब उगाचच आलो," मी म्हणालो.

"उगाच कसं? बोलावणं आल्याशिवाय इथे कोणी येतं का?" गुरुजी हसले. "आलाच आहात तर दर्शन घ्या. मग बरोबरच जाऊ, मलाही मशिनचे सेल आणायचेत."

रांगेतून पुढे सरकताना वरची घंटा हलताना दिसली. आवाज पोचला नाही. गाभाऱ्यापाशी आल्यावर नेहमीची तक्रार काही केल्या सुचेना. देवानं जणू विचारलं, काय म्हणतोस? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही, जाऊ दे." बायको हे म्हणताना तिला काय वाटत असेल, ते त्या क्षणी मला कळलं. मी डोळे पुसले आणि जे होईल ते तुझ्यावर, असं म्हणून बाहेर आलो.

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघं शेजारी बसलो आणि नाक्यापर्यंत एक शब्दही बोललो नाही. इतका निवांत प्रवास मी क्वचितच केला असेल.

नाक्यावरच्या डिग्रीवाल्या बाईंनी मला काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी मनोभावे दाबत होतो. थोड्या वेळानं त्या दार उघडून आत आल्या. "काका, आवाज नसतानाही दाबताय तुम्ही. ऐकू आलं तरच दाबायचं." श्रद्धेचं एवढं नेमकं मोजमाप माझं आजवर कोणी केलं नव्हतं.

मंजुरीला थोडे दिवस गेले, पण कार्ड चाललं. मशिन कानात घालून पायीच घरी निघालो. माझ्या चपला वाजतात, हे मी विसरूनच गेलो होतो.

दार लोटलेलं होतं. बायको देवघरापुढे बसून पुटपुटत होती. संध्याकाळी ती अशी बराच वेळ बसते आणि स्तोत्र म्हणते, असं मी समजत होतो. त्या दिवशी ते ऐकू आलं. ती बाळकृष्णाला सांगत होती, "आज भाजी घेताना शैला दिसली रे, शाळेतली. माझ्याकडे बघून तशीच पुढे गेली. एवढी का मी बदलले? आणि दूधवाल्याच्या सुनेला मुलगी झाली. यांना सांगायचं होतं, पण जाऊ दे. तू ऐकतोस ना."

मी दारातच उभा राहिलो. देव ऐकत नाही, असं मी म्हणत होतो आणि तो माझ्याच घरात, माझ्या वाट्याचं ऐकत बसला होता. रोज, न कंटाळता, मध्ये मीठमसाला न घालता. त्याच्याकडे मी आणखी काय मागायचं होतं?

"कोण शैला?" मी विचारलं. "ती दोन वेण्यांची?"

तिनं चमकून मागे बघितलं. सवयीनं हात हलवला, "काही नाही," असं म्हणाली आणि मध्येच थांबली. माझ्या कानाकडे बघत राहिली.

"हळूच सांग," मी म्हणालो, "ऐकू येतंय."

मी तिच्याजवळ पाटावर बसलो. तिनं पदरानं डोळे टिपले आणि सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी पहिल्यांदा ऐकत होतो, देव दुसऱ्यांदा.