भित्रे सर

आमच्या मरोळच्या गावठाणात सगळे त्यांना ‘भित्रे सर’ म्हणत आणि त्यात काही खोटं नव्हतं. कुत्रा दिसला की सर रस्ता बदलायचे. लिफ्टमध्ये एकटे चढायचे नाहीत. दारावर थाप पडली तरी दचकायचे. कॉलेजात मला तत्त्वज्ञान शिकवायचे, राहायला समोरच. त्यामुळे त्यांचा घाबरटपणा मी दोन्हीकडून पाहिलेला.

“सर, तुम्ही ख्रिश्चन ना?” एकाने वर्गात विचारलं होतं. सर म्हणाले, “नावानं आहे. बाकी प्रयत्न चालू आहेत.” आम्ही हसलो. ते नाही हसले. “बाप्तिस्मा आईबापांनी दिला, त्यात माझं काय? ख्रिस्ती व्हायचं ते रोज नव्यानं ठरवावं लागतं, आणि एकट्यानं. आख्ख्या गावाला मिळून नाही ठरवता येत.” मला तेव्हा हे परीक्षेपुरतंच कळलं.

मग रेखाचं प्रकरण झालं. मारकुट्या नवऱ्याला सोडून लेकीला घेऊन ती आमच्या गल्लीत भाड्याने राहायला आली होती. नवऱ्याने पत्ता काढला, कोयता घेऊन आला आणि गल्लीला सांगून गेला, हिला जो ठेवेल त्याला बघून घेईन. सगळ्यांचं धाबं दणाणलं. माझंही.

मे महिन्यात गल्लीतल्या क्रुसापाशी ख्रिस्ती शेजारी जमून संध्याकाळची माळ, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणतात, मग उकडलेले चणे वाटतात. आम्ही हिंदू असलो तरी चण्यांना हजर. त्या दिवशी आमेन झालं आणि चणे खाताखाताच ठरलं, रेखाने उद्या खोली सोडावी. “लेकराबाळांची घरं आहेत आमची,” घरमालकीण म्हणाली. सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात सर म्हणाले, “माझ्याकडे राहील ती.” आवाज पार चिरकला होता. ओंजळीतले चणे खाली सांडले.

त्यानंतर माणूस निम्मा झाला. कडी तीनतीनदा तपासायचा. “रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही गं,” मला म्हणाले. मी जरा चिडूनच बोलले, “देवावर विश्वास आहे ना तुमचा? मग कशाला घाबरता?”

“आहे म्हणून तर ही पाळी आली. नसता तर तिला जा म्हणालो असतो आणि घोरत पडलो असतो.”

रेखाचा नवरा आला भर दुपारी. सरांच्या दारावर लाथा घालत होता. मी गॅलरीतून पोलिसांना फोन लावला, पण खाली गेले नाही. गल्लीतली दारं धडाधड लागली. एक उघडलं. सर बाहेर आले, मागे दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. पॅंट ओली झालेली मला वरून दिसत होती. “आत नाही जायचं,” एवढंच म्हणाले. त्याने उचलून फेकलं तेव्हा डोकं पायरीवर आपटलं. तरी त्याचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला, पोलीस येईपर्यंत.

हॉस्पिटलात रात्री शुद्धीवर आले तेव्हा रेखाचं विचारलं. तिला ओरखडाही आला नाही, लेकही सुखरूप आहे, म्हणून सांगितलं.

“आता भीती गेली ना सर?” मी विचारलं.

“नाही गं,” ते म्हणाले. “फार वाटतेय. हात धर माझा.”

मी धरला. तो माझ्या हातातच गार पडला तेव्हा बाहेर उजाडत होतं.