भिंतीपलीकडचा काउबॉयचा पिक्चर

दार आतून बंद, आत धाडधाड गोळ्या सुटतायत आणि माझी पोरगी आत. गोळ्या पिक्चरमधल्या होत्या, ते कळत होतं मला. पण पोरगी हसत होती. टाळ्या वाजवून ओरडत होती, "अगेन, अंकल! अगेन!" आणि अंकल काहीच बोलत नव्हते. मी बेल दाबली, दार वाजवलं, परत बेल दाबली. काही नाही.

अंकल म्हणजे आमच्या शेजारचे चिनी आजोबा, एकटेच राहायचे. आम्ही देश सोडून इथं बुकित पंजांगला नवीन आलेलो, हे कंप्युटरच्या कंपनीत, मी नववी शिकलेली. ह्यांचं एकच, "अगं, कॉरिडॉरमध्ये आवाज करायचा नाही, कोणाची तक्रार नको, इथं राहायचा पास रद्द झाला तर सगळंच गेलं." म्हणून मी कोणाशी बोलायचेच नाही. अंकलशी तेवढी ओळख झाली ती पोरीमुळे. इथं कपडे वाळत घालायचे म्हणजे ओल्या कपड्यांचा बांबू किचनच्या खिडकीबाहेर काढून खोबणीत बसवायचा, त्याला दोन्ही हात लागतात, आणि पोरगी नेमकी तेव्हाच खिडकीशी यायची. एवढ्या वर राहतो आम्ही. मग तेवढा वेळ ती अंकलकडे.

त्यांच्याकडे जुने अमेरिकन पिक्चरच पिक्चर, स्वस्तातल्या डिस्क. काउबॉयचे, खुनाचे, धडपडणाऱ्या जाड्या माणसाचे. ब्लॅक अँड व्हाईट, तासाभराचे. घोडा पळायचा तर मागून तोच दगड तीनदा जायचा, दार आपटलं की भिंत हलायची. अंकल पोट धरून हसायचे, इथल्या बोलीतलं 'लाह' लावून म्हणायचे, "चीप लाह, गर्ल! व्हेरी चीप!" दार लावायचे, पडदे ओढायचे, थेटरसारखा अंधार करायचे, आणि कानानं कमी म्हणून आवाज एवढा मोठा की आख्ख्या मजल्याला ऐकू जायचा. रोज दुपारी किंकाळ्या आणि गोळ्या.

तर त्या दिवशी दार उघडेना, म्हणून मी त्यांच्या कॉरिडॉरकडच्या खिडकीच्या काचपट्ट्यांमधून हात घालून पडदा सारला. अंकल जमिनीवर. एक पाय वाकडा, चप्पल लांब पडलेली, तोंड टीव्हीकडे. आणि पोरगी त्यांच्या पोटावर बसून गालावर थापट्या मारतेय. पिक्चरमधला जाडा माणूस पडायचा, उठायचा, परत पडायचा, अंकलचंही तेच चाललंय असं तिला वाटत होतं.

"बाळा, दार उघड." तिचा हात लॅचला पोचत नव्हता. उड्या मारल्या तिनं, मग कंटाळली. तेवढ्यात किचनमध्ये किटलीची शिट्टी वाजायला लागली. अंकलनी चहाचं पाणी ठेवलं असणार. पोरगी वळली. "आई, ट्रेन!" काउबॉयच्या पिक्चरमध्ये तशीच शिट्टी असते, ट्रेन आली की ती पळत बघायला जायची. निघालीच ती किचनकडे. खाली गॅस, वर उकळतं पाणी.

मी जीव खाऊन ओरडले, "हँड्स अप!"

थांबली. दोन्ही हात वर. अंकल तिच्याशी तसं खेळायचे, बोटाचं पिस्तूल करून, आणि ओके म्हणेपर्यंत हलायचं नाही. मी ओके म्हटलंच नाही. हात खाली यायला लागले की परत ओरडायचे, "हँड्स अप! हलू नकोस!" ती हसायची थांबली. मग ओठ काढले. मग रडायला लागली, हात वर ठेवूनच.

मधेमधे मी "हेल्प, हेल्प" ओरडत होते. एक दार उघडलं नाही. फोन आमच्या हॉलमध्ये, वायरवाला, भिंतीच्या पलीकडं. मी खिडकी सोडली की ती किचनमध्ये जाणार. नाही सोडली तर अंकल तसेच पडलेले. त्यांचं एक बोट हलताना दिसलं मला. खरंच हललं.

किटली वाजायची बंद झाली. पाणी आटलं असणार. जळका वास यायला लागला. टीव्हीवर पिक्चर संपला, संगीत वाजलं, मग नुसती खरखर. तेव्हा कुठं टोकाच्या घरातली मलय मावशी बाहेर आली. म्हणाली, अंकलचा सिनेमा वाटला, संपला तरी ओरडणं थांबेना म्हणून आले. ॲम्ब्युलन्सला फोन तिनंच केला.

माणसं आली, दार तोडलं, गॅस बंद केला. पोरीचे हात मी खाली घेतले, ताठरलेले होते.

अंकलची मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, हौगांगहून धावत आली. आता ते जिवंत आहेत, पण उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तिनं मला विचारलं, "कधी पडले?" मी म्हटलं, पिक्चर सुरू होता. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, थोडं आधी आणलं असतं तर..." आणि माझ्याकडं बघत राहिली. हे म्हणतात, "तू बरोबर केलंस, विषय काढू नकोस." पण मला त्या बाईची नजर दिसते, ते बोट दिसतं.

पोरगी आत हात वर करून रडतेय, बाजूला माणूस पडलाय, फोन भिंतीपलीकडं आहे आणि तुम्ही खिडकीशी आहात. तुम्ही काय केलं असतंत? सांगा ना, खिडकी सोडली असतीत?