दहाच्या नाण्यांचा डबा

माझी आई हर्सूलच्या जेलसमोर केळी विकते. भेटीला आलेली मुंबई-पुण्याची माणसं तिच्या हातावर दहाची नाणी ठेवतात. "त्यायला नाय कसं म्हनू? घाईत असतेत," असं म्हणून ती घेते आणि डब्यात टाकते. आमच्याकडं ती नाणी कुणी घेत नाही. खोटी आहेत, बंद झालीत, असं कुणीतरी सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं.

मग तिला लांबचं धुरकट दिसायला लागलं. चष्म्याला दीड हजार लागणार होते. "माझ्या पैशानं घेईन," म्हणाली आणि डबा फडक्यात बांधून माझ्यासोबत चष्म्याच्या दुकानात आली.

दुकानदारानं डबा उघडूसुद्धा दिला नाही. "काकू, हे कॉइन नाय चालत. नोटा आणा."

माझं डोकंच फिरलं. "सरकारनं पाडलेलं नाणं चालत नाय म्हंजे? तुमच्या गल्ल्यातली ती नोट बघा, निस्ती चिकटपट्टीवर जगतीय. ती चालती व्हय?"

काय अक्कल आहे आपली! नोटेचं बघता बघता चिंधूक होतं, नाणं वर्षानुवर्षं टिकतं. म्हणूनच दहाचं नाणं काढलं, एवढी साधी गोष्ट. पण आम्हाला चिंधूकच प्यारं. मी त्या माणसाला नको नको ते बोललो. तो एवढंच म्हणत राहिला, "भाऊ, माझ्याकडून पुढं कोण घेतंय?" शेवटी मी फोनवरून पैसे भरले. आई डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिचा तो चेहरा आठवला की आजही संताप येतो.

चष्मा मिळाला त्या दिवशी ती तडक माझ्या किराणा दुकानात आली. पायरीवर उभी राहून वर बघायला लागली. चौथीपर्यंत शिकलेली आई एकेक शब्द जुळवत मोठ्यानं वाचत गेली, "दहाचे... कॉइन... घेतले... जाणार... नाहीत."

ती पाटी मीच टांगली होती. ठोक व्यापारी नाणी घेत नव्हता, मी तरी काय करणार? आईला ती कधी दिसलीच नव्हती. मलाही, रोज तिच्याखाली बसून, दिसेनाशी झाली होती.

"ह्ये तूच लिव्हलंस व्हय?"

तिनं पिशवीतून डबा काढून काउंटरवर ठेवला. "दोन किलो साखर दे."

गिऱ्हाइकं बघत होती. आणि सांगायला लाज वाटते, माझा हात लगेच डब्याकडं गेला नाही. आधी मला तो ठोक व्यापारी आठवला.