शेवटच्या गाण्याला वन्स मोअर

मध्यंतरी दुबईत, अल बर्शाच्या घरी नातीने टीव्हीवर एक जुना अमेरिकन सिनेमा लावला. महायुद्धाच्या काळात स्टुडिओत बनवलेला, नाचगाण्यांचा. रंगवलेलं जहाज, जिन्यावरून नाचत उतरणाऱ्या पोरी, आघाडीवर निघालेला नायक. मी रिमोट घेऊन तो बंद केला.

"आजोबा! आय वॉज वॉचिंग दॅट!"

का बंद केला, ते इथे लिहितो.

पूर्वी मी दुबईतच मुहैस्नाहच्या एका लेबर कॅम्पचा कॅम्प बॉस होतो. खोल्या, पाणी, आजारी माणसाला गाडी देणं, सगळं माझ्या हातात. शुक्रवारच्या सुट्टीत दुपारी मेसच्या भिंतीवर प्रोजेक्टरने सिनेमा दाखवायचो. नातीने लावलेला हाच सगळ्यांचा लाडका. इंग्रजी कुणाला कळत नसे, म्हणून भिंतीपाशी उभा राहून मी गोष्ट सांगायचो, आणि बदलून सांगायचो. नायक लढाईला नाही, गल्फला निघालाय. व्हिसा आलाय. बायको धक्क्यावर रडतेय.

"रडतेस काय गो, येताना टीव्ही आणील!" मागून कुणीतरी ओरडायचं आणि अख्खी मेस हसायची. शेवटच्या गाण्याला वन्स मोअर ठरलेला.

एका शुक्रवारी ते गाणं चालू असताना रत्नागिरीकडचा एक गिलाव्याचा कारागीर वाकून माझ्यापाशी आला. चाळिशीचा, कधी काही न मागणारा.

"साहेब, छातीत कळ येतेय. गाडी मिळेल काय?"

ड्रायव्हर पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत होता. मी म्हणालो, "एवढं गाणं होऊ दे. तू खोलीत जाऊन पड जरा."

गाणं संपलं. वन्स मोअर आला. मी ते पुन्हा लावलं.

खोलीत गेलो तेव्हा तो खाटेवर पडला होता. संपलं होतं सगळं. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात लेबर कार्ड, पायांत बूट, नाड्या बांधलेल्या. मी दार लावून घेतलं. बूट काढून खाटेखाली ठेवले. मग माणसं बोलावली. रिपोर्टमध्ये लिहिलं, काही तक्रार नव्हती, झोपेत गेला. त्याच्या बायकोलाही फोनवर तेच सांगितलं. त्यानंतर दर गणपतीत तिचा फोन यायचा. मला भाऊ म्हणायची.

सिनेमा बंद केला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिला फोन केला. गाडी, गाणं, बूट, सगळं सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवशी त्यांचा फोन आला होता. दुखतंय म्हणाले. मी म्हटलं, आधी साहेबांना सांगा. वाटलं, भिडेपायी सांगितलंच नाही. इतकी वर्षं त्यांच्यावर राग धरून बसले मी. पोरांनाही तेच सांगितलं, तुमच्या बाबांनी तोंड उघडलं असतं तर वाचले असते."

"उघडलं होतं, वहिनी."

"बूट घालून तयार होते?"

"हो."

"नाड्या बांधून?"

"हो."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"हे लिहून द्या, साहेब," ती म्हणाली. "पोरांना दाखवायचंय. आणि गणपतीत फोनची वाट बघू नका."

तिने सांगितलं म्हणून लिहिलं. त्याने मला सांगितलं होतं. गाडी दारात उभी होती.